‘कृपया भेटीस येऊ नये’ असे कळवले असेल, तर सांत्वनाला जावे का?

डोंबिवलीवासी:
गिरगावातल्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथल्या आमच्या शेजारच्या काकांचे गेल्या आठवड्यात निधन झाले. जुन्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या मुलाने ही बातमी कळवली आणि खालीच ‘आईला विश्रांतीची गरज आहे, कृपया कोणीही भेटीस येण्याची तसदी घेऊ नये’ असे लिहिले. त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. मीही तेच दोन शब्द पाठवले आणि तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, कारण माझ्या वडिलांना भर पावसात खुर्चीवर बसवून तीन जिने उतरवणारे हेच काका होते. मुलाच्या शब्दाला मान देऊन घरीच थांबावे की जावे? आणि गेलो तर काकूंशी बोलावे तरी काय?

पार्लेकर:
कुटुंबाने इतके स्पष्ट लिहिले असताना जाऊ नये, असे माझे मत आहे. माझे वडील गेले तेव्हा येणारा प्रत्येक जण ‘नेमके काय झाले होते?’ असे विचारत असे आणि आई दर वेळी पहिल्या तापापासून सारे पुन्हा सांगत असे. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसायचा. तुम्ही हाताने चार ओळींचे पत्र लिहावे. ते काकूंना हवे तेव्हा वाचता येईल.

जुने दादरकर:
पार्लेकरांचा अनुभव खरा आहे, पण दोष भेटीचा नसून त्या प्रश्नाचा आहे, असे मला वाटते. २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला २० पेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती आणि तेव्हा संदेशावर भागवणे भागच होते. माझी आई त्याच काळात गेली. फोनवर किती संदेश आले ते आज आठवत नाही, मात्र समोरच्या वहिनींनी दाराशी पिठलं-भाताचा डबा ठेवला, बेल वाजवली आणि त्या चार पावले मागे सरून मी दार उघडेपर्यंत उभ्या राहिल्या, हे आजही डोळ्यांसमोर आहे. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नाही, हे त्यांना सांगावे लागले नव्हते.

ग्रुपवरची सूचना सर्वांसाठी असते. ज्या घराशी आपले येणे-जाणे होते, तिथे मुलाला स्वतंत्रपणे विचारण्यात कोणताही अनादर नाही. काकूंना थेट फोन करू नये, कारण त्यांना नाही म्हणणे जड जाईल. मुलाने नकार दिला तर तो मनापासून मानावा आणि मग पत्र लिहावे.

होकार आला, तर आजाराबद्दल अवाक्षर काढू नये. खुर्चीवरून जिने उतरवल्याची जी आठवण तुम्ही इथे लिहिली आहे, तीच काकूंना सांगावी. आपला नवरा दुसऱ्या कोणाच्या घरी कसा आठवला जातो, हे त्या घरातल्या माणसाला ऐकायला हवे असते. त्या गप्प बसल्या तर आपणही गप्प बसावे. वीस-पंचवीस मिनिटांत उठावे, चहाची वाट पाहू नये आणि निघताना सवयीने ‘येतो’ म्हणू नये, हा आपला जुना संकेत आजही पाळावा. काकांचा फोटो स्टेटसवर लावायचा असेल, तर तोही मुलाला विचारूनच लावावा.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, मुलगा कामावर जाऊ लागतो आणि घर खरे रिकामे होते, तेव्हा पुन्हा एकदा जावे.

ठाणेकर ताई:
जायचे ठरले तर रविवार टाळावा. मेगाब्लॉकमध्ये गाडी रखडली की ठरलेली वेळ चुकते आणि त्या घराला आपली वाट पाहत बसावे लागते. त्याऐवजी अर्धा दिवस रजा घेऊन, दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलेले बरे.

डोंबिवलीवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलाला एकट्याला संदेश पाठवला आणि दहा मिनिटांत त्याचाच फोन आला. काकू दुपारी जरा पडतात, म्हणून गुरुवारी साडेचारनंतर येण्यास त्याने सांगितले आहे. डबा आणू का, असे विचारले तेव्हा ‘आईला भात जात नाही, भाकरी आणलीत तर खाईल’ असे तो म्हणाला. ज्वारीची की तांदळाची, हे विचारायचे राहून गेले. ते आज विचारून घेतो.