२२ पावणे येणारेत, पोर्क किती किलो घेऊ?

खानापूर_फौजी: नमस्कार मंडळी, मी मागच्या महिन्यात रिटायर होऊन गावाकडं आलोय, आता येत्या रविवारी घरी जेवण ठेवायलोय. एकूण २२ जण. त्यातले ४ पोर्क खात नाहीत, ३ बारकी पोरं आहेत ती खातात, बाकी सगळे माझ्या बरोबरचे, चांगले खाणारे. नागालँडला पोस्टिंग असताना पोर्क खायला शिकलो, करायलाबी येतंय, खरं एवढ्या माणसांचं कधी केलेलं नाही. मटणाला आमच्यात माणशी पाव किलो धरतात तोच हिशोब इथं चालतोय काय? सुकं आणि भाकरी करायचा विचार आहे.

उचगावकर: दादा, पाव किलोच धरा खरं कसलं मटेरियल मिळतंय ते बघून. मी मागं १५ जणांना ३ किलो आणलं होतं, बघताना भरपूर वाटलं, घरी येऊन कापायला घेतलं तर कातडीखाली दोन बोटं जाड चरबी, शिजल्यावर पातेल्यात वर नुसतं तेल तरंगायला लागलं, वाटीनं काढून काढून दमलो आणि खाली फोडी निम्म्या राहिल्या. शेवटी बसलेल्या दोघांना मसाला आणि भाकरी वाढायला लागली, अजून वाईट वाटतंय त्याचं. मटणाचा रस्सा गरम पाणी घालून वाढवता येतोय, पोर्कचं सुकं कुठनं वाढवणार?

कॅम्पातली_वहिनी: भाऊ, आधी काय करणार ते ठरवा मग किलो ठरतात. आमच्यात सोरपोटेल (गोव्याकडचं आंबट-तिखट पोर्क) करायचं तर फोडी अगदी बारीक, त्यात काळीज पण जातं, व्हिनेगरचा दाट रस असतो आणि पाव नाहीतर सान्नांबरोबर (तांदळाच्या मऊ इडल्यांसारख्या असतात) खातात, म्हणून माणशी दीडशे ग्रॅम पुरतं. तुमचं सुकं म्हणजे माणूस नुसत्या फोडीच उचलणार, तिथं जास्तच लागतं. निव्वळ बोनलेस मांस पण शिजून पाव हिस्सा तरी कमी होतं, हाडं गेली ती वेगळीच.
तुमचे मोठे १५, पाव किलोनं पावणेचार किलो, पोरांना निम्मं धरून सव्वाचारच्या आत येतंय. आधी बसायचा कार्यक्रम असणार, चकण्यालाच किलोभर संपतं, म्हणून पूर्ण ५ किलो घ्या. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मांडीचं जास्त आणि पोटाकडचं थोडं. सगळी चरबी काढू नका हं, नाहीतर फोड कोरडी चामट होते. न खाणाऱ्या ४ जणांना चिकन वेगळ्या पातेल्यात, आणि पळी सुद्धा वेगळी ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे, माणूस तोंडावर बोलत नाही खरं मनात राहतं.

खानापूर_फौजी: वहिनी, लई उपकार. शनिवारी रात्रीच शिजवून ठेवलं तर चालतंय काय?

कॅम्पातली_वहिनी: चालतं की, उलट मुरून चव वाढते. खरं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन-तीन पसरट डब्यांत काढा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली दिसेल, जास्तीची चमच्यानं सहज निघते, मग सगळं नीट उकळी येईपर्यंत गरम करा. व्हिनेगर घालणार असाल तर ॲल्युमिनियमचं पातेलं नको, स्टीलचं घ्या.

उचगावकर: आणि शिजलंय म्हणून घाई करू नका. जाड फोड मधून कापून बघा, आत गुलाबी दिसली तर अजून ठेवा. कच्चं राहिलं तर पट्टकृमीची भीती असते, पोरं पण खाणार आहेत म्हणून सांगायलोय.

खानापूर_फौजी: बरं. ५ किलो पोर्क, दीड किलो चिकन, भाकऱ्या शेजारच्या काकू देतो म्हणाल्यात. उद्याच खाटकाकडं जाऊन सांगून येतो.