रि: रि: नाशिक ट्रिप – पेडल, बूट आणि पंधराचा पाना

प्रेषक: सुहास

मंडळी, मंडळाच्या ट्रिपला इथून विमानाने नाशिकला पोचलो की ११ जानेवारीला सकाळी सहाला गंगापूर रोडवरून निघायचं हे पक्कं धरतोय. माझा एकच प्रश्न, पायात काय घालायचं? त्र्यंबकपर्यंत अठ्ठावीस-तीस किलोमीटर सायकल, तिथून लगेच ब्रह्मगिरी, खाली येऊन दर्शन, परत सायकल. त्या राइडनंतर (कुठली ते माहितीये सगळ्यांना, पुन्हा विषय नको) मी तीन बोल्टवाले, पेडलमध्ये अडकणारे रोडचे बूट आणि त्याची पेडलं घेऊन बसलोय. दोन जोड बूट न्यायला बॅगेत जागा नाही, जाताना चॉकलेटं आणि येताना भाजणी. नवीन काही मागवायचं तर शुक्रवारच्या आत मागवायला हवं, लवकर सांगा.

प्रेषक: मेधा

सुहास, तीन बोल्टवाले घरी ठेव. ते प्लास्टिकचं क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा बुटाखालचा तुकडा, तळव्याच्या बाहेर येतं, माणूस बदकासारखा चालतो आणि दोन तास चाललास की क्लीट झिजून फुकट. दोन बोल्टवाले एसपीडी घे. शिमानो कंपनीने ते १९९० मध्ये काढले तेच माउंटन बाइकवाल्यांसाठी, त्यांना सायकल खांद्यावर घेऊन चालायला लागतं ना. क्लीट लहानसं, लोखंडी, तळव्याच्या खाचेत बसतं. फक्त क्लीट एसएच ५६ घे, ५१ नको. ५१ मधून टाच बाहेर फिरवली तरच पाय सुटतो, ५६ मधून वर ओढलं तरी सुटतो. हे मी सातपूरच्या सिग्नलला शिकले. सिग्नल लाल झाला, मी थांबले, पाय काही सुटेना, आणि मग झाड पडतं तशी सावकाश आडवी झाले, शेजारच्या द्राक्षाच्या हातगाडीला धरत धरत. गाडीवाल्याने आधी द्राक्षं सावरली, मग मला. वर म्हणाला, ताई, पाय बांधून सायकल कशाला चालवता?

प्रेषक: नंदूकाका

गाडीवाला शहाणा होता. आम्ही पंचवटीतून त्र्यंबकला श्रावणी सोमवारी हर्क्युलिसवर जायचो, डबलसीट, पायात स्लिपर. पेडलच्या चार रबरी ठोकळ्यांपैकी एक कधीच जागेवर नसायचा, तिथे आम्ही सुतळी गुंडाळायचो. तशीच ब्रह्मगिरीची फेरी पण केली आहे, ती सुद्धा पावसात. बुटांवर एवढी चर्चा मंडळाच्या घटनेवर सुद्धा झाली नव्हती.

प्रेषक: प्रसाद

काका, आदर आहे, पण सायकलचे विषय आधी सायकल उपसमितीकडे यायचे असं सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठरलंय, सगळ्या लिस्टवर नको. आता निघालंच आहे तर सांगतो. आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, ती काय स्लिपर घालून? पाय पेडलला धरून राहिला की खड्ड्यात घसरत नाही आणि चढाला जोर वाया जात नाही. सुहास, एका बाजूने फ्लॅट आणि एका बाजूने एसपीडी असं पेडल मिळतं, ते घे. गावात फ्लॅट बाजू, मोकळ्या रस्त्याला क्लिपची, म्हणजे एसपीडीची बाजू. क्लीटचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन मीटरला आवळायचे, ढिले राहिले तर टाच फिरवली की नुसतं क्लीट फिरतं आणि पाय तिथेच.

प्रेषक: नंदूकाका

त्यांना मध्ये ब्रह्मगिरी चढायचा नव्हता.

प्रेषक: शर्वरी

काकांना अनुमोदन. आणि प्रसाद, सायकल तुमची असेल पण ब्रह्मगिरी ट्रेक ग्रुपचा आहे. त्या वरच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, पावलं पडून पडून मधोमध गुळगुळीत झालेल्या, काही इतक्या उंच की गुडघा छातीला लागतो. तिथे लोखंडी क्लीट म्हणजे फरशीवर स्टीलचं ताट. माझ्या यादीत नाव असेल त्याच्या पायात रबरी सोल पाहिजे, विषय संपला.

प्रेषक: मेधा

शर्वरी, क्लीट खाचेत असतं गं, जमिनीला लागतच नाही. मी पांडवलेणी याच बुटांत चढले आहे.

प्रेषक: शर्वरी

नवीन असताना नाही लागत. सोल झिजला की खाच उथळ होते आणि क्लीट खाली येतं. मेधाताई, गणपतीत तुम्ही हॉलमध्ये आलात तेव्हा आरती चालू असताना सुद्धा टक टक टक ऐकू येत होतं, सगळ्यांनी मागे वळून बघितलं होतं. आणि पांडवलेणीच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत, जिना आहे तो.

प्रेषक: अविनाश

ब्रह्मगिरीवर माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ सॅकच्या आत ठेवा. मिसळ जाताना आहे का येताना? जाताना असेल तर मी बसने येतो.

प्रेषक: अमृता

मी नाशिकमध्येच आहे सध्या, फेब्रुवारीपर्यंत. काल भाड्याच्या सायकली बघून आले म्हणून लिहिते, कारण इथे कोणी तेच विचारलं नाहीये. सगळ्यांना प्लास्टिकची पेडलं आहेत, म्हणजे क्लिपवाल्यांना आपापली पेडलं आणावी लागतील. दुकानातल्या मुलाला म्हटलं एक काढून दाखव. उजवं निघालं. डावं तो उजव्यासारखंच फिरवत बसला, पान्याला पाइप लावला, वर उभा राहिला, आणखीच घट्ट झालं. मग आतून त्याचे वडील चहाचा कप घेऊनच बाहेर आले, म्हणाले डाव्याचा आटा उलटा असतो रे, आणि पाय लावून एका झटक्यात ढिलं केलं, चहा न सांडता. माप नऊ सोळांश इंच, म्हणजे तुमची बसतील. आणखी दोन गोष्टी. त्र्यंबक रोडला सिंहस्थाची कामं चालू आहेत, दर थोड्या वेळाने पाय टेकवायला लागतो. आणि देवळाबाहेर बूट काढायचे आहेत, रांग दोन-तीन तासांची असू शकते, शंभर डॉलरचे बूट चप्पल स्टँडवर ठेवून कोणाचं लक्ष दर्शनात लागणार आहे ते बघा.

प्रेषक: प्रसाद

सायकली बघायचं काम उपसमितीने कोणाला दिलं होतं ते मिनिट्समध्ये आहे. तरी धन्यवाद.

प्रेषक: सुहास

अमृताचं वाचल्यावर माझं ठरलं. क्लिप नाहीच. फ्लॅट पेडल घेतोय, त्या बारीक खिळ्यांचं, रबरी सोल त्याच्यावर घट्ट धरून राहतो म्हणतात, आणि पायात माझे जुने ट्रेकचेच बूट, मऊ नाहीत फार, पेडल मारताना तळवा वाकणार नाही. तेच बूट विमानात पायातच घालीन. देवळाबाहेर कोणी नेलेच तर मनस्ताप नाही. मेधाताई, राग मानू नका, तुमची ५६ ची टीप इथल्या सायकलसाठी लिहून ठेवली आहे.

प्रेषक: मेधा

राग कशाला. खिळ्यांचं पेडल उलटं फिरून नडगीला लागलं की कळेल, मोजे लांब घाल.

प्रेषक: सुहास

शेवटचं. पेडल बदलायला पंधराचा पाना लागेल, बारीक तोंडाचा, साधा पाना आत जात नाही. मंडळाच्या पेटीत एक होता, तो दिसत नाहीये. कोणी नेलाय? चेक-इनच्या बॅगेत टाकीन म्हणतो.

प्रेषक: प्रसाद

पेटीची किल्ली उपसमितीकडे असते. पाना ऑगस्टपासून नाही, मी तेव्हाच लिस्टवर लिहिलं होतं, एकानेही उत्तर दिलं नाही.

प्रेषक: नंदूकाका

माझ्याकडे आहे. मखराचे नट आवळायला नेला होता, गराजमध्ये असेल. रविवारी चहाला या आणि घेऊन जा. सुहासने यावं, प्रसादनेही यावं.