अनुभव धागा: चांदीची नाणी जमवायला लागलात तेव्हा काय शिकलात?

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. खाऊचे पैसे साठवून त्याला चांदीची जुनी नाणी जमवायची आहेत. परवा म्हणाला, "मामा, पहिलं नाणं कुठलं घेऊ?" उत्तर द्यायला गेलो आणि आठवलं, की माझ्या स्वतःच्या पहिल्या नाण्याबद्दलच मी कित्येक वर्षं गैरसमजात होतो. म्हणून जाणत्यांना विनंती आहे: नुसते नियम नकोत, तुमचं काय झालं ते लिहा.

सुरुवात मीच करतो. कॉलेजात असताना ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, घेतला. त्यावर १७८० लिहिलेलं. दोन शतकांपूर्वीची वस्तू हातात आहे या आनंदात मी रात्री तो उशाशी ठेवून झोपलो होतो. पुढे कळलं, की सम्राज्ञी १७८० साली वारली, पण तिच्या छापाचं हे नाणं व्यापारात इतकं रुळलं होतं की तेच साल कायम ठेवून ते नंतरही पाडत राहिले. व्हिएन्नातच नव्हे, तर विसाव्या शतकात रोम, लंडन, मुंबईच्या टाकसाळींतही. माझं नाणं त्यातलंच. विकणारा खोटं बोलला नव्हता. मी "१७८० चं ना?" विचारलं, त्याने आकड्यावर बोट ठेवलं. "पाडलं कधी?" हे मी विचारलंच नाही.

* * *

माझी चूक परत न फिरणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मिळालेलं पहिलं चांगलं नाणं काळवंडलेलं होतं. कडेला निळसर-जांभळी झाक, मध्ये सोनेरी. मला ती घाण वाटली. टूथपेस्ट आणि मऊ कापड घेऊन दहा मिनिटांत आरशासारखं लखलखीत केलं आणि मोठ्या अभिमानाने एका जुन्या संग्राहकांना दाखवायला नेलं. त्यांनी ते दिव्याखाली दोनदा फिरवलं आणि काही न बोलता दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या हातात दिलं. सगळ्या पृष्ठभागावर केसाएवढे ओरखडे, एकाच दिशेने.

तेव्हा त्यांनी समजावलं ते असं. ठसा जोरात बसतो तेव्हा धातू किंचित वाहतो आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं हलवलं की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो त्या रेषांमुळे. घासल्यावर त्या जातात आणि पुन्हा येत नाहीत. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला. तो काढला म्हणजे चांदीच काढली. प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला १ ते ७० मधला साधा अंक देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. तो शेरा जन्माचा चिकटतो.

नवीन मुलांना हात जोडून सांगते, घासू नका. काठाला दोन बोटांत धरा, खाली मऊ कापड अंथरा, बस.

* * *

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी घासलं नव्हतं, पण कसाची खात्री करायला एका कारागिराकडे दिलं आणि त्याने सवयीने कसोटीवर ओढलं. चांदी अस्सल निघाली. काठावरचा ओरखडा आजही आहे.

* * *

मग नाण्याला इजा न करता पारख कशी करायची, ते मी लिहिते. माझ्या मते नवशिक्याने आधी हेच शिकावं.

मी एक मॉर्गन डॉलर घेतला. अमेरिकेत १८७८ ते १९०४ आणि परत १९२१ साली पाडलेलं हे नाणं संग्राहकांचं लाडकं, आणि म्हणूनच नकला करणाऱ्यांचंही. वजन २६.७३ ग्रॅम असायला हवं, माझं २६.७० भरलं. चुंबकाला चिकटलं नाही. मी निर्धास्त. पण तांबं, पितळही चुंबकाला चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरही नाही, ज्याच्या नुसत्या नावात चांदी असते. वाजवलं तर आवाज बसका वाटला आणि मन खट्टू झालं.

मग पाण्यातली चाचणी केली. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असं धरायचं. बुडबुडे चिकटलेले असतील तर झटकायचे. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागलं की घनता मिळते. शुद्ध चांदीची १०.४९. मॉर्गनमध्ये ९० टक्के चांदी आणि बाकी तांबं, म्हणून १०.३ च्या आसपास हवी. काट्यावर २.५९ यायला हवं होतं, आलं ३.०४. भागाकार ८.७८. म्हणजे चांदी नुसती वर चढवलेली. व्यास बरोबर ३८.१ मिलिमीटर होता, वजन जुळवायला जाडी वाढवली होती. रोज खरी नाणी हाताळणाऱ्याला ती बोटांनाच कळली असती.

पैसे परत मिळाले, कारण "खोटं निघाल्यास परत" हे घेतानाच लिहून घेतलं होतं. जो एवढं लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून मी काही घेत नाही.

नाणं वाळवताना टिपायचं, पुसायचं नाही.

* * *

माझा अनुभव छोटा. ब्रिटिश शिलिंगांचा एक डबा तोलून घेतला, सगळी ९२.५ टक्के समजून हिशोब केला. १९२० पासून त्यात चांदी निम्मीच, ५० टक्के, आणि १९४७ पासून अजिबात नाही. डब्यातली बहुतेक १९२० नंतरची. दिसायला भावंडं. तेव्हापासून साल बघितल्याशिवाय तराजूकडे बघत नाही. (आणि चांदीचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. नेहमीचा २८.३५ चा नव्हे. यातही एकदा फसलो आहे.)

* * *

मला 'दुर्मिळ' या शब्दाने फसवलं. रंगीत चित्राचं एक आधुनिक स्मारक नाणं, सोबत मखमली डबी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, "फक्त इतकीच पाडली". चांदीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे दिले. अडचणीत विकायला काढलं तेव्हा मोडीच्या भावाहून जास्त कुणी देईना. थोडी पाडली हे खरं होतं, पण मागणारे त्याहून थोडे.

जुन्या नाण्यांतही पाडलेल्यांच्या आकड्यावर विसंबू नये. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सला पाडलेला मॉर्गन घ्या. पाडले चव्वेचाळीस लाखांवर, पण संग्राहकांना दिसत जवळजवळ नव्हते. १९१८ च्या कायद्याने सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले, त्यात हेही गेले असं सगळे धरून चालले आणि भाव चढला. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून याच नाण्यांच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर आल्या. आयुष्याची पुंजी घालून एखादं घेतलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याचा मी फार विचार करतो.

घेताना माझ्या वहीत आता दोन रकाने असतात: नाण्यातल्या चांदीची किंमत आणि त्यावर मी दिलेले पैसे. दुसरा आकडा कशासाठी दिला ते एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर नाणं घेत नाही.

* * *

मी अकरावीत आहे. वर्षात तीनच नाणी घेतली, पण घेण्याआधी त्या जातीची शेकडो नाणी पाहिली, प्रदर्शनात आणि फोटोंत. झीज कुठून सुरू होते ते आता लगेच दिसतं: गालाचं हाड, कानावरचे केस, पक्ष्याची छाती. ऑनलाइन घेताना आई सोबत बसते, आणि काठाचा फोटो मागितल्याशिवाय आम्ही पैसे पाठवत नाही.

* * *

साठवणीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत माझी नाणी चार वर्षं होती. त्यांवर हिरवट चिकट थर चढला. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, तो निघाला (मोठ्यांच्या देखत आणि खिडकी उघडी ठेवून करा), पण दोन नाण्यांवर खाली खड्डे पडले होते. मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं घ्या. रबर बँड आणि लोकर जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

* * *

पुन्हा मीच, धागाकर्ता. भाच्याने सगळं वाचलं आणि साठवलेल्या पैशांतून नाण्याऐवजी आधी वजनकाटा आणि भिंग मागवलं. काल माझाच थालर तपासला. २८.०५ ग्रॅम, पाण्यात २.७५, म्हणजे १०.२. हजारात ८३३ भाग चांदीला अगदी जुळणारं. मग त्याने विचारलं, "पण हा कुठल्या टाकसाळीचा?" इतक्या वर्षांत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. फरक बारीक खुणांत असतात, सम्राज्ञीच्या पदकातले मोती, मागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं. सध्या दोघं भिंगाखाली पिसं मोजतोय. कुणाकडे थालर असेल तर शेपटीचा स्पष्ट फोटो टाका.