मॅक्ल्युअरला वायव्य मार्गाचं इनाम हक्काचं होतं?

दर्यावर्दी: काल इथे कुणीतरी लिहिलंय, ‘रॉबर्ट मॅक्ल्युअर हा वायव्य मार्ग पार करणारा पहिला वीर, ब्रिटिश संसदेचं इनाम त्याच्या हक्काचंच.’ वाचून राहवलं नाही. अहो, अटलांटिक ते पॅसिफिक असा कॅनडाच्या उत्तरेचा हा बर्फाळ सागरी मार्ग याने पार केला कशाने? याचं जहाज ‘इन्व्हेस्टिगेटर’ सप्टेंबर १८५१ मध्ये मर्सी बे या खाडीत शिरलं आणि बर्फात कायमचं अडकलं. खलाशी अर्धपोटी, आणि त्यातल्या अशक्तांना पायी वाटेला लावायचा याचा बेत होता. एप्रिल १८५३ मध्ये कॅप्टन केलेटच्या ‘रेझोल्यूट’ जहाजावरून लेफ्टनंट पिम बर्फ तुडवत आला म्हणून ते वाचले. तरी १८५५ मध्ये संसदीय समितीपुढे हा म्हणतो, मदतीशिवायही सुटलो असतो! इनामाच्या १०,००० पौंडांत केलेटच्या माणसांना छदामही नाही.

उत्तरध्रुव: पॅसिफिकमधून शिरून अटलांटिकला निघालेली पहिली माणसं तीच ना? काही जहाजाने, काही पायी, पण निघाली. जहाजाने सलग जायला अमुंडसेनला १९०६ उजाडलं.

इंजिनरूम: मर्चंट नेव्हीत आमचं मेन इंजिन भर समुद्रात बंद पडलं. रात्रभर घाम गाळून आम्ही चालू केलं, कंपनीचं शाबासकीपत्र आलं कॅप्टनच्या नावाने. इनाम ब्रिजवरच्यालाच मिळतं, तेव्हाही आणि आजही.

उत्तरध्रुव: तुमच्या कॅप्टनचा राग मॅक्ल्युअरवर काढू नका. ते पैसे त्याच्या खलाशांतही वाटले गेले. आणि जहाज गेलं तर कोर्ट मार्शल इंजिन रूमचं होत नाही, कॅप्टनचं होतं. त्याचंही झालं, १८५४ मध्ये. निर्दोष सुटला.

इंजिनरूम: कशामुळे सुटला तेही सांगा की! जहाज सोडायचा हुकूम केलेटचा होता. हा तर आणखी एक हिवाळा काढायला निघाला होता. राहायला कोण तयार विचारलं, तर खलाश्यांतले चौघेच पुढे आले. इंजिन रूमचं जाऊ द्या, पण ज्या हुकुमाने जीव आणि नाव दोन्ही वाचलं, तो देणाऱ्याचाच वाटा नाकारायचा?

दर्यावर्दी: शिवाय जुलै १८५० मध्ये केलेटनेच ‘कॉलिन्सनसाठी थांब’ म्हटलं होतं. कॉलिन्सन या आपल्या वरिष्ठाला मागे टाकून हा गेला.

उत्तरध्रुव: थांबला असता तर मोसम हातचा गेला असता. कॉलिन्सन त्या वर्षी उशिरा पोचला, हिवाळ्याला हाँगकाँगला परतला.

दर्यावर्दी: बरं, तेवढं मान्य. निघाला ते बरोबर. वाट्याचं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही.