'व्यापारी वारे' : यात व्यापार कुठून आला?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा जेवताना तिनं विचारलं, "मामा, व्यापारी वारे म्हणजे कशाचा व्यापार?" तिच्या पुस्तकात हवाई बेटांवरचा उतारा होता. ईशान्येकडून वर्षातले बहुतेक दिवस वाहणारे वारे, डोंगराच्या एका अंगाला सारख्या सरी, दुसरं अंग कोरडं, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा. "जहाजं चालत असतील त्या वाऱ्यावर," असं सांगून मी वेळ मारून नेली, पण रात्रभर तोच शब्द डोक्यात. नाव नेमकं कशावरून पडलं? आणि तिकडच्या त्या 'शॉवर'ला काय म्हणावं? नुसतं 'पाऊस' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे झड येते. चार दिवस सूर्य दिसत नाही आणि वावरात पाय टाकता येत नाही, ती.

उत्तर (मूर्तिजापूर, निवृत्त भूगोल शिक्षक)

भाऊ, भाचीनं बरोबर जागी बोट ठेवलं. इंग्रजीतल्या 'ट्रेड' शब्दाचा जुना अर्थ व्यापार नव्हे, तर वाट, माग, पावलांनी पडलेला रस्ता. पाऊल टाकणे या अर्थाच्या, उच्चारानं जवळच्या पण वेगळ्या 'ट्रेड' (tread) क्रियापदाशी त्याचं नातं आहे. वारा एकाच दिशेनं सतत वाहत राहिला की जुने खलाशी तो 'ट्रेड' वाहतो म्हणत. व्यापाराचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला, आणि आपण मराठीत आणताना तो नंतरचा अर्थ उचलला. हिंदीवाल्यांनी 'सन्मार्गी पवन' केलं. त्यात निदान मार्ग तरी शिल्लक आहे.

अर्थात 'व्यापारी' अगदीच निराधार नाही. १४९२ साली कोलंबस याच वाऱ्यांवर कॅनरी बेटांपासून पश्चिमेला गेला, आणि पुढे शिडांच्या जहाजांचा सगळा हिशोब यांच्यावरच चालला. हे वारे असे तिरपे का वाहतात, याचा पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध जॉर्ज हॅडलीनं १७३५ साली मांडला. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला तिशीच्या अक्षवृत्तांकडून हवा येते आणि पृथ्वी फिरते म्हणून ती वळते. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून येतात, दक्षिणेत आग्नेयेकडून. शालेय पुस्तकात 'पूर्वीय वारे' हा शब्द आहे. मी वर्गात तोच वापरत आलो, कारण त्यातून दिशा तरी कळते.

उत्तर (रत्नागिरीत नोकरी, मूळ गाव आर्वी)

लाटांबद्दल थोडं. इथल्या मच्छीमारांच्या तोंडी 'खारा वारा' आणि 'मतलई वारा' ही जोडी आहे. समुद्राकडून जमिनीवर येतो तो खारा, जमिनीकडून समुद्रात जातो तो मतलई. बेटाचं हेच समजून घ्या. वाऱ्याच्या तोंडी असलेल्या किनाऱ्यावर लाटा अखूड, घाईच्या, एकमेकींवर चढणाऱ्या. पाणी खवळलेलं. पण तोच वारा बेट ओलांडून पलीकडे उतरतो तेव्हा त्या किनाऱ्याला तो मतलईसारखा लागतो. समोरून येणाऱ्या लाटेला तो अडवून धरतो, लाट उशिरा आणि सरळ उभी राहून फुटते. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरणारे असल्याच लाटेची वाट पाहतात. तेव्हा 'तिकडच्या लाटा' असं सरसकट म्हणू नये, कोणत्या बाजूच्या ते आधी विचारावं. मी इथं आल्यावर 'भरती' आणि 'उधाण' हे एकच समजायचो. तेही एक नव्हे. भरती रोजची, उधाण अमावस्या-पौर्णिमेचं.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ता

सर, तुमचं उत्तर भाचीला वाचून दाखवलं. 'वाट' हा शब्द ऐकला आणि मला आमची पांदण आठवली. पावसाळ्यात बैलगाड्या जाऊन जाऊन पांदणीत दोन खोल चऱ्या पडतात. त्या वाळल्या की गाडीला दुसरीकडे जाताच येत नाही. चाक आपोआप त्यात उतरतं, बैलांचा कासरा सैल सोडला तरी गाडी घरी पोचते. त्या चरीला आपण चाकोरी म्हणतो. 'ट्रेड'चा जुना अर्थ हाच ना? मग 'चाकोरीचे वारे' का नको? 'चाकोरीबद्ध' म्हणजे कंटाळवाणं असा अर्थ आता शहरात झालाय, पण गाडी हाकणाऱ्यासाठी चाकोरी म्हणजे भरवसा.

वाऱ्याच्या भरवशाची किंमत उफणणीला कळायची. माझे वडील तिपाईवर उभे राहून सुपातून तूर सोडायचे. वारं एका बाजूनं धरून राहिलं तर दाणे पायाशी आणि भूस चार हात लांब, नीट रेघ पडायची. वारं फिरलं की भूस परत दाण्यांवर. मग सूप खाली ठेवून बसायचं, मुठीत माती घेऊन सोडायची, ती कुठं जाते ते पाहायचं. ज्या वाऱ्यात हा खेळ करावाच लागत नाही, तो चाकोरीचा.

'शॉवर'साठी मला 'शिरवं' पटतं. अचानक येतं, अंगणातलं वाळवण उचलेपर्यंत थांबतं, मागून ऊन. आमच्याकडे उन्हात पाणी आलं की पोरं 'कोल्ह्याचं लग्न' म्हणून ओरडतात. पण सर, याचं एक सांगा. भाची म्हणते, काउआई बेटावर वाईआलेआले नावाचा डोंगर आहे, त्याच्यावर वर्षाला ९,००० मि.मी.हून जास्त पाणी पडतं आणि त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ५०० च्या आसपास. नुसत्या शिरव्यांनी एवढं होतं?

उत्तर (मूर्तिजापूर)

होतं. शिरवं एक लहानच, पण वारा चाकोरी सोडत नाही म्हणून ओलं ढग रोज त्याच उतारावर चढतं. चिखलदऱ्याला खालच्या मैदानापेक्षा जास्त पाऊस पडतो तो याच रीतीनं, फक्त आपल्याकडे वारा चार महिनेच तसा.

आणि तुमच्या वावरातलं पाणीही याच वाऱ्याचं आहे. दक्षिण गोलार्धातला आग्नेय वारा उन्हाळ्याअखेर विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी होऊन जूनच्या मध्याला विदर्भात पोचतो. 'मोसमी' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून, म्हणजे ऋतू. एकच वारा, विषुववृत्ताच्या अलीकडे ऋतूचा, पलीकडे वाटेचा. म्हणून मला तुमचं 'चाकोरीचे' आवडलं. परीक्षेत मात्र भाचीला 'पूर्वीय' किंवा 'व्यापारी'च लिहू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

तिनं वहीत तिन्ही लिहून ठेवलेत. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या खळ्यावर एका बाजूनं धरून राहणाऱ्या वाऱ्याला वेगळा शब्द असेल, तर तिकडच्यांनी जरूर कळवा.