फेसबुक हुशारीनं वाढलं की आपल्या नाइलाजानं?

पाचपाखाडीकर (मूळ पोस्ट)
काल रात्री मुलाला झुकरबर्गची गोष्ट सांगत होतो. १९ वर्षांचा पोरगा, हॉस्टेलची खोली, ४ फेब्रुवारी २००४ ला साइट सुरू. २०१२ च्या ऑक्टोबरात १०० कोटी लोक! ना वशिला, ना बापाचा कारखाना. डोकं आणि मेहनत, बस्स. आणि आपली ठाण्याची पोरं? संध्याकाळी तलावपाळीवर जाऊन बघा. कठड्यावर ओळीनं बसलेली, माना खाली, हातात मोबाइल. दुसऱ्यानं बनवलेलं वापरायचं एवढंच आपल्याला जमतं. मराठी माणसाला मोठं स्वप्नच पडत नाही. पटतंय का?

मानपाडा बी विंग
नाही पटत. सकाळी स्टेशनच्या पुलावर गर्दीत वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या कठड्याबद्दल. माझा पुतण्या तिथे बसतो. कळव्याला दीड खोलीत पाच माणसं राहतात. महापेहून शिफ्ट संपवून आला की घरात पाठ टेकायला जागा नसते, कारण बहीण बारावीला आहे आणि खोलीत तिचा अभ्यास चालू असतो. तो तलावपाळीवर बसतो तो बहिणीला जागा मिळावी म्हणून. त्याच्या हातातला मोबाइल बघून तुम्ही त्याच्या स्वप्नाचं माप काढलंत, ते मला फार लागलं.

आता झुकरबर्ग. वडील दंतवैद्य होते आणि मुलाला प्रोग्रॅमिंग शिकवायला घरी शिक्षक ठेवला होता. ती खोली हार्वर्डची होती. साइट निघाली त्याच वर्षी पीटर थील या गुंतवणूकदारानं पाच लाख डॉलर घातले. पोरगा हुशार होता, वाद नाही. पण 'डोकं आणि मेहनत, बस्स' हे अर्धवट आहे.

आणि वाढलं कसं ते बघा. पहिल्यांदा दार बंद ठेवलं. हार्वर्डचा ईमेल असेल तरच आत. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल. बाहेरचे झुरत राहिले. २००६ च्या सप्टेंबरात १३ वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं, तोवर आत असणं ही मिरवायची गोष्ट झाली होती. नंतर त्यांच्या वाढीचं काम बघणाऱ्या टीमनं एक ध्येय धरलं: नवीन माणसाला दहा दिवसांत सात मित्र मिळाले पाहिजेत. साइट चांगली झाली का, हे त्यानं मोजलं जात नाही. तुमची किती माणसं आत ओढली गेली, ते मोजलं जातं. सात जण आत गेले की आठव्याला बाहेर राहणं परवडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. फेसबुक वाढलं, कारण बाहेर राहणं महाग पडायला लागलं.

जे आपणहून वाढत होते त्यांना विकत घेतलं. २०१२ ला इन्स्टाग्राम, जेमतेम १३ माणसांची कंपनी, १०० कोटी डॉलर. २०१४ ला व्हॉट्सअॅप, जाहीर झालेला आकडा १,९०० कोटी डॉलर. व्हॉट्सअॅपवाल्या ब्रायन अॅक्टनला २००९ मध्ये याच फेसबुकनं नोकरी नाकारली होती.

'महाग पडणं' म्हणजे काय ते आमच्या बिल्डिंगमध्ये बघा. गेल्या मे महिन्यात पाण्याचं शटडाऊन होतं. कमिटीनं फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. आमच्या पाचव्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. सगळ्यांनी पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवले. रात्री साडेदहाला आमची बेल वाजली. आजी दारात. हातात दुधाची बरणी, विसळलेलीसुद्धा नव्हती, तळाला सायीचा पांढरा थर. म्हणाल्या, 'गोळी घ्यायची आहे रे, घोटभर पाणी मिळेल का?' पूर्ण दिवस त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, कारण पाणी फक्त आपल्याच घरी गेलंय असं त्यांना वाटलं होतं.

चकलीवाली, ऐरोली
दादा, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं बाकीचं मला मान्य नाही आणि मी अनुभवानं बोलतेय.

२०१३ ला ह्यांची कंपनी बंद पडली. दोन मुलं शाळेत, घराचा हप्ता चालू. दुकानाचा गाळा बघायला गेले तर डिपॉझिट ऐकूनच परत फिरले. मग एका सकाळी गॅलरीत पेपर पसरला, त्यावर चकल्या मांडल्या, उजेड चांगला होता तेव्हा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. चार दिवसांनी सीवूड्सहून एका अनोळखी बाईंचा मेसेज. दोन किलो. भाजणी दळायला गेले तेव्हा गिरणीवाल्यासमोर रडू आवरलं नाही मला. आज माझ्याकडे तिघी जणी कामाला आहेत.

तुम्ही म्हणता, ओढले गेलो. मला कुणी ओढलं नाही, मी चालत गेले. बाईमाणसाला घरात बसून गिऱ्हाईक मिळवून देणारं दुसरं काय होतं तेव्हा? ते सांगा, मग नाइलाजाचं बोला.

मानपाडा बी विंग
ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण तुमच्याच बोलण्यात उत्तर आहे. गिऱ्हाईक तिथेच होतं म्हणून तुम्ही तिथे गेलात. पुढे धंद्याच्या फेसबुक पानांच्या (पेजच्या) पोस्ट फुकटात कमी लोकांना दिसायला लागल्या आणि पोचायचं तर पैसे भरा असं झालं, हे धंदेवाले सगळेच जाणतात. आता ते पान बंद करून दाखवा म्हटलं तर कराल?

चकलीवाली, ऐरोली
नाही करणार. आणि का करू? गाळ्याचं भाडंही दरवर्षी वाढतंच. तुम्ही माझ्या पोटाला मुद्दा बनवू नका.

घणसोली नाइट शिफ्ट
दोघांचंही अर्धं राहिलंय. भारतात हे जे घराघरांत गेलं ते हार्वर्डमुळे नाही आणि सात मित्रांमुळेही नाही. डेटा स्वस्त झाल्यामुळे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्यांचं मुख्यालय आमच्या घणसोलीतच, रोज त्या भिंतीला लागून जातो. त्याआधी माझे वडील मोबाइल डेटा चालू करायचे, मेसेज बघायचे आणि लगेच बंद करायचे. एक जीबी महिनाभर पुरवायचा. नंतर तेच वडील जेवताना व्हिडिओ बघायला लागले. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घातले, ९.९९ टक्क्यांसाठी. गिऱ्हाईक कुठून येतंय ते त्यांना पक्कं कळत होतं.

आणि मानपाडावाले, आपण एकदा 'नाही' म्हटलेलं आहे, ते का लिहिलं नाहीत? फ्री बेसिक्स आठवा. फेसबुक आणि निवडक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. लाखो लोकांनी ट्रायला, म्हणजे टेलिफोन-इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेला, मेल पाठवले, मीही पाठवला होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं साइटनुसार वेगळे दर लावायला बंदी घातली. आपण अगदीच बापुडे नाही आहोत.

मानपाडा बी विंग
हे मान्य करावं लागेल. फ्री बेसिक्स माझ्या लक्षातून गेलं होतं.

नौपाड्यातला जुना
धंदा, डेटा, शेअर सगळं आलं, पालघरचं कुणी बोललं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा २०१४ ला झाला. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाइक केलं. दोघींना अटक. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लाइकचं बटण २००९ चं, आणि आपल्याकडे तीन वर्षांत त्यावरून माणूस आत जाऊ शकत होता. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या दिवसापर्यंत मी स्वतः एकही राजकीय ओळ लिहिली नाही. मुलगी कॉलेजात होती, तिला तर रोज सांगायचो, काही लाइक करू नकोस. बाप म्हणून लाज वाटायची तसं सांगताना.

सेक्रेटरी, वाघबीळ
पालघर, जिओ वगैरे मोठ्या लोकांचं तुम्ही बघा. मला वर आजींच्या प्रकरणात कमिटीला दोषी धरलंय त्यावर बोलायचंय. मी दुसऱ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आठ वर्षं. पगार नाही, मानधन नाही. आधी मी बोर्डावरच नोटीस लावायचो. लोक लिफ्टची वाट बघत बोर्डाकडे पाठ करून उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, 'आम्हाला कळवलं नाही.' ग्रुपवर टाकलं की निदान दोन निळ्या टिका दिसतात. रात्री बाराला टँकर आला तर १६ मजले चढून बेल वाजवू का मी? ग्रुप आला म्हणून आमच्यासारख्यांची कामं होतायत. आजींना शेजाऱ्यानं सांगायचं असतं. तुम्ही त्याच मजल्याच्या आसपास राहता ना? तुम्ही का नाही सांगितलंत?

मानपाडा बी विंग
साहेब, हा प्रश्न मी स्वतःला त्या रात्रीच विचारला. मी ग्रुपवर वाचलं आणि सगळ्यांनी वाचलं असेल असं धरून चाललो. हेच तर बिघडलंय. पूर्वी पाणी जाणार कळलं की आई जिन्यातून ओरडून सांगायची, तीन मजल्यांना ऐकू जायचं. आता ग्रुपमध्ये असलेल्यांनाच आपण बिल्डिंग समजतो.

सेक्रेटरी, वाघबीळ
म्हणजे चूक तुमची आणि बोलणी कमिटीला. रविवारी एकदा येऊन बसा ऑफिसात, मग लिहा.

मानपाडा बी विंग
मी सहा वर्षं कमिटीत होतो. मला रविवार शिकवू नका.

घणसोली नाइट शिफ्ट
अहो, भांडू नका, पण सेक्रेटरीसाहेब, निळ्या टिकांवर इतका भरवसा नको. ग्रुपवर आलं म्हणजे कळलं, आणि आलं म्हणजे खरं, या दोन्ही सवयी वाईट. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, त्यातून भिक्षेकरी समाजातले पाच जण ठेचून मारले गेले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या घणसोलीच्या ग्रुपवर त्या आठवड्यातसुद्धा 'सावध राहा, टोळी आली' फिरत होतं, आणि टाकणारे शिकलेले होते, इंजिनीअर होते. मी एकाला फोन करून विचारलं तर म्हणाला, खोटं असलं तरी सावध राहायला काय जातं?

नौपाड्यातला जुना
आणि सकाळी सकाळी सूर्यफुलांचे शुभ सकाळ! खरी नोटीस त्या चाळीस फुलांखाली गाडली जाते. आमच्याकडे एका मयताची बातमी अशीच राहून गेली, मी स्मशानात पोचलो नाही. पन्नास वर्षांची ओळख होती.

चकलीवाली, ऐरोली
काका, हे मात्र खरं. ऑर्डरीसुद्धा फुलांखाली जातात. दिवाळीच्या आधी एका बाईंची दीड किलोची ऑर्डर मला दिसलीच नाही, नरकचतुर्दशीला त्यांचा फोन आला. घरातला आमचा डबा उचलून दिला.

पाचपाखाडीकर
दोन दिवस नव्हतो, आत्ता सगळं वाचलं. झुकरबर्गबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. २००६ ला याहूनं १०० कोटी डॉलर देऊ केले होते, २२ वर्षांच्या पोरानं नाही म्हटलं. त्याला छाती लागते आणि ती घरच्या शिक्षकानं येत नाही. इन्स्टाग्राम-व्हॉट्सअॅपच्या खरेदीवरून अमेरिकन सरकारनं खटला भरला होता, तोही २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या बाजूनं गेला, तेही लिहायला हवं होतं.

पुतण्याबद्दल मात्र माझं चुकलं. मला माहीत नव्हतं, पण माहीत नसताना लिहायला नको होतं. कठड्याचं वाक्य काढून टाकतो.

मानपाडा बी विंग
खटल्याचं मला माहीत आहे. आज मक्तेदारी आहे हे सिद्ध झालं नाही, असा तो निकाल. आज टिकटॉक, यूट्यूब आहेत म्हणून. ज्या वर्षी घेतलं त्या वर्षी काय होतं, हा माझा प्रश्न तसाच राहतो. यावर आपलं जुळणार नाही.

वाक्य काढू नका, राहू द्या. पुतण्यानं वाचलंय आणि त्याला तुमच्या मुलाशी बोलायचंय. तोही काहीतरी बनवतोय, त्याच कठड्यावर बसून, मोबाइलवरच.

पाचपाखाडीकर
शनिवारी सात वाजता पाठवतो त्याला. गडकरी रंगायतनसमोर.

सेक्रेटरी, वाघबीळ
मानपाडावाले, काल जरा जास्त बोललो. आमच्या रजिस्टरमध्ये बघितलं, स्मार्टफोन नसलेली चार घरं निघाली. चारपैकी दोघांच्या घरी गेलो होतो आज. यापुढे पाण्याची नोटीस कागदावरही लावणार. तळमजल्याच्या बोर्डावर लावली की चालेल ना?

मानपाडा बी विंग
बोर्डावर नको. त्याला काच असेल तर वरची ट्यूब चमकते, आजींना त्यातलं काही दिसत नाही, मी उभं राहून पाहिलंय. लिफ्टच्या आत लावा, बटणांच्या वर. छापील नको. मार्करनं हातानं लिहा, एका कागदावर चारच शब्द मावतील एवढं मोठं.