हा लाँग उपसागरात बोटीवर मुक्काम: महिना आणि मार्ग कोणता?

प्रश्न: आईवडिलांसह ऑगस्टमध्ये व्हिएतनामला जाणार असून हा लाँगच्या बोटीवर एक रात्र राहण्याचा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना हे झेपेल का?

उत्तर १: ऑगस्ट टाळता आला तर टाळावा, कारण वादळाचा इशारा मिळताच बंदर प्रशासन बोटी सोडतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, तर फेब्रुवारी-मार्चच्या धुक्यात चुनखडीचे सुळके दिसले तर नशीब.

उत्तर २: बोटीच्या सहलीत लागणाऱ्या सुंग सोट गुहेत पायऱ्या बऱ्याच आहेत, तेवढा वेळ वडिलांनी खुशाल डेकवर चहा घेत बसावे. गर्दी नको असल्यास कॅट बा बेटालगतचा लान हा उपसागर निवडावा. २०२३पासून तोही जागतिक वारशात आहे.

उत्तर ३: शाकाहारी असाल, तर आरक्षणावेळीच 'फिश सॉससुद्धा नको' असे लेखी कळवावे.